एका मिलिमीटरचा प्रश्न : मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या कॅन्सरची खोली कशी ओळखावी

हा लेख तिघांसाठी आहे : गोव्यातल्या इस्पितळांत कोलोनोस्कोपी नुकतीच शिकू लागलेले डॉक्टर, त्यांच्या शेजारी उभ्या असणाऱ्या परिचारिका आणि पॅथॉलॉजीत नमुना हाती घेणारे तंत्रज्ञ. तिघांना एकत्र बसवायचं कारण साधं आहे. खोलीचा अंदाज यांच्यापैकी कुणाच्याही हातून बिघडू शकतो, आणि एकाकडून बिघडलेलं काम दुसऱ्याला सहसा सावरता येत नाही.

काय मोजायचं आहे

मोठ्या आतड्याच्या भिंतीचा सर्वांत आतला थर म्हणजे म्युकोसा. त्याच्या तळाशी स्नायूंची एक बारीक पट्टी असते, ती मस्क्युलारिस म्युकोसी. तिच्याखाली सैलसर सबम्युकोसा आणि त्याखाली भिंतीचा जाड स्नायू. कॅन्सर म्युकोसातच असेल तर त्याला लसिकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोडपर्यंत) जायची वाट जवळजवळ नसते. जागा पूर्ण काढली की काम संपतं. पट्टी ओलांडून तो सबम्युकोसात उतरला की त्याला टी-१ म्हणतात, आणि तिथून रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या त्याच्या हाताशी येतात. टी-१ झालेल्या सगळ्या रुग्णांचा एकत्र विचार केला तर सुमारे १० टक्क्यांच्या लसिकाग्रंथींत कॅन्सर सापडतो.

या १० टक्क्यांत कोण येणार हे ठरवताना खोलीची रेघ १००० मायक्रॉनवर, म्हणजे एका मिलिमीटरवर मारलेली आहे. तिच्या आत असेल आणि दुसरं कुठलंही धोक्याचं लक्षण नसेल, तर स्कोपमधून काढणं पुरेसं ठरतं. तिच्या बाहेर असेल तर आतड्याचा भाग काढायच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. खोली हा एकमेव निकष नाही, त्याबद्दल पुढे येईल. पण स्कोप आत असताना जो निर्णय घ्यायचा असतो, तो बहुतांशी याच रेघेवर अवलंबून असतो.

आतडं स्वच्छ नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ

पृष्ठभागावरची बारीक नक्षी वाचायची असेल तर «बऱ्यापैकी साफ» चालत नाही. तीन दिवस आधीपासून बिया आणि साली बंद करायच्या : टोमॅटो, वांगी, पेरू, काकडी. तांबडी भाजीही बंद. तिचे तुकडे भिंतीला चिकटतात आणि सक्शनमध्ये अडकतात. उकड्या तांदळाच्या पेजेत कोंड्याचे कण राहतात, म्हणून आदल्या दिवशी फक्त वरचं निवळ पाणी गाळून घ्यायला सांगावं. सोलकढी, कोकम सरबत आणि बीट यांचा लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो, तेही नको. शहाळ्याचं पाणी चालतं. लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवाव्यात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो.

जुलाबाचं औषध दोन भागांत द्यावं. अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी. दुसरा भाग तपासणीपूर्वी निदान दोन तास संपलेला हवा. काणकोण किंवा सत्तरीहून बांबोळीला बसने येणाऱ्या माणसाला सकाळी नऊची वेळ दिली, तर हा दुसरा भाग तो घेणारच नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. लांबच्या तालुक्यांतल्या रुग्णांना दुपारची वेळ द्यावी.

नोंदणीच्या टेबलावरच एक प्रश्न विचारून ठेवायचा : याआधी कुठे तपासणी झाली होती का, आणि तेव्हा तुकडा काढला होता का? जुना अहवाल घेऊन यायला सांगावं. त्याचं महत्त्व पुढे कळेल.

पहिली पायरी : लांबून बघा, हात लावू नका

संशयित जागा दिसली की पहिला मोह बायोप्सीचा होतो. तो आवरायला शिकणं ही या कामातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. फोर्सेप्सचा तुकडा म्युकोसाच्या वरच्या भागातून येतो. खाली काय चाललं आहे ते तो सांगू शकत नाही. उलट तिथे जखम होते आणि भरताना सबम्युकोसात व्रणाची गाठ बनते. नंतर द्रव टोचला तरी ती जागा वर येत नाही. मग साधा अॅडेनोमाही (कॅन्सर न झालेली ग्रंथींची गाठ) खोल कॅन्सरसारखा वागतो आणि स्कोपमधून काढता येण्यासारखी जागा शस्त्रक्रियेकडे जाते. जागा स्कोपने काढता येण्याजोगी वाटत असेल तर बायोप्सी नकोच. खोल गेल्याची लक्षणं स्पष्ट असतील आणि शस्त्रक्रियेआधी कॅन्सरचा पुरावा हवा असेल, तेव्हाच सर्वांत वाईट दिसणाऱ्या भागातून तुकडा घ्यावा.

तर, हात न लावता. कोमट पाणी आणि सिमेथिकोनने बुडबुडे व चिकट श्लेष्मा हलकेच धुवून काढा. पाण्याचा जोर थेट जागेवर नको, बाजूच्या भिंतीवर मारून पाणी ओघळू द्यावं. जोरात मारलं की नाजूक जागेतून रक्त येतं आणि पुढची दहा मिनिटं वाया जातात. आतडं आकसत असेल तर हायोसिन ब्युटिलब्रोमाइड शिरेतून १० ते २० मिलिग्राम. त्याआधी काचबिंदू, लघवी अडण्याचा त्रास आणि हृदयविकार यांबद्दल विचारलेलं असावं.

आता आकार ठरवा. पॅरिस वर्गीकरण २००२ सालापासून वापरात आहे : देठ असलेला वन-पी, बसका वन-एस, किंचित उंच टू-ए, सपाट टू-बी, खोलगट टू-सी. १० मिलिमीटरपेक्षा मोठ्या, आडव्या पसरलेल्या जागांचा वेगळा गट आहे, एलएसटी (लॅटरली स्प्रेडिंग ट्यूमर). त्यात फरक फार मोठा पडतो. सारख्या दाण्यांच्या एलएसटीत सबम्युकोसात उतरलेला कॅन्सर क्वचित, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दाण्यांत मोठी गाठ असेल तर सुमारे १० टक्के, आणि धोका त्या गाठीखाली. दाणे नसलेली पण सपाट उंच असेल तर सुमारे ५ टक्के. दाणे नसलेली आणि मधे किंचित खोलगट असेल तर ३० टक्क्यांच्या आसपास. या शेवटच्या प्रकारात कॅन्सर एकाहून अधिक ठिकाणी खाली उतरलेला असू शकतो, म्हणून ती जागा तुकड्यातुकड्यांनी काढायचा विचारही करू नये.

आकारमान डोळ्यांनी ठरवताना नवखे लोक चुकतातच. आपल्या फोर्सेप्सचा जबडा उघडल्यावर किती मिलिमीटर होतो ते बाहेर पट्टीवर मोजून ठेवा आणि जागेशेजारी उघडून धरा.

दुसरी पायरी : हवा कमी-जास्त करा

ही पायरी फुकटची आहे, यंत्र लागत नाही, आणि तरीही ती सर्रास वगळली जाते. आधी हवा भरून भिंत ताणा, मग हळूहळू काढा. वरवरची जागा भिंतीबरोबर वाकते, पसरते, पुन्हा गोळा होते. खोल गेलेली जागा ताठ राहते. हवा काढली तरी तिचा आकार तोच, आणि आजूबाजूची भिंत तिच्याभोवती मुडपते.

ताठरपणासोबत आणखी बघायचं : जागा आतून फुगल्यासारखी, ताणून चकचकीत झालेली आहे का? मधे स्पष्ट काठांचा खळगा आहे का आणि त्याच्या तळाची नक्षी पुसली गेली आहे का? घड्या एका बिंदूकडे ओढल्या गेल्यात का? स्पर्श न करताच रक्त येतं का? जागेभोवतीच्या म्युकोसावर कोंबडीच्या कातडीसारखे पांढरट ठिपके दिसले तर तेही नोंदवा, मात्र एकट्या त्या लक्षणावर काही ठरवू नका. समोरून दिसत नसेल तर बाजूने बघा. घडीमागे लपलेली जागा गुदाशयात असेल तर स्कोप उलटा वळवून बघता येते.

तिसरी पायरी : निळसर प्रकाश

ऑलिम्पसच्या यंत्रात एनबीआय आणि फुजीफिल्मच्या यंत्रात बीएलआय ही बटणं आहेत. दोन्हींत रक्तवाहिन्या तपकिरी उठून दिसतात. स्कोपच्या टोकाला टोपी लावलेली असावी. टोपीची कड जागेच्या शेजारी टेकवली की अंतर स्थिर राहतं आणि चित्र हलत नाही.

मोठं करून दाखवणारा स्कोप नसेल तर नाइस वर्गीकरण वापरा. प्रकार १ म्हणजे आजूबाजूइतकाच फिकट, वाहिन्या जवळजवळ नाहीत. प्रकार २ तपकिरी, नक्षीभोवती वाहिन्यांची चौकट, म्हणजे अॅडेनोमा. यात उथळ कॅन्सरही येऊ शकतो. प्रकार ३ गडद तपकिरी, वाहिन्या तुटलेल्या किंवा गायब, नक्षी मोडलेली. प्रकार ३ म्हणजे खोल कॅन्सर समजून चालायचं.

मोठं करणारा स्कोप असेल तर जपानी तज्ज्ञांच्या गटाने २०१४ साली मांडलेलं जेनेट वर्गीकरण जास्त उपयोगी. त्यात मधला प्रकार दोन भागांत फोडला आहे. २-ए म्हणजे सारख्या जाडीच्या, नीट ओळीतल्या वाहिन्या आणि शिस्तीतली नक्षी. २-बी म्हणजे कमी-जास्त जाडीच्या, वेड्यावाकड्या वाहिन्या आणि अस्पष्ट नक्षी. प्रकार ३ मध्ये वाहिन्या विरळ झालेला भाग, जाड वाहिन्यांचे तुटके तुकडे आणि नक्षी नसलेली जागा.

२-बी हा अडचणीचा प्रकार आहे. त्यात तीव्र डिस्प्लेसिया (पेशींतला कॅन्सरपूर्व बिघाड), म्युकोसातला कॅन्सर आणि सबम्युकोसात उथळ उतरलेला कॅन्सर असे तिन्ही येतात, आणि कधीकधी खोल गेलेलाही लपलेला असतो. मोठ्या बसक्या गाठीवर २-बी दिसलं म्हणून घाईने शस्त्रक्रियेकडे पाठवणं आणि २-बी म्हणजे उथळच असं धरून चालणं, दोन्ही चुका होतात. इथे रंग लागतो.

चौथी पायरी : रंग

आधी इंडिगो कार्मिन, ०.२ टक्के. बाटली ०.४ टक्क्यांची असेल तर तेवढंच पाणी मिसळा. हा रंग पेशींत शिरत नाही, खाचांत साचतो, त्यामुळे कडा आणि खळगा उठून दिसतात. खळग्याची नक्षी शंकास्पद वाटली तर धुवून पुढचा रंग : क्रिस्टल व्हायोलेट, ०.०५ टक्के. १ टक्क्याच्या द्रावणाचा १ मिलिलिटर आणि पाणी १९ मिलिलिटर, ०.५ टक्क्याच्या द्रावणाचा १ आणि पाणी ९. त्वचेवर लावायच्या जेन्शियन व्हायोलेटच्या बाटलीतून थेट ओढू नका, तिच्यात काय मिसळलं आहे याचा भरवसा नसतो. द्रावण इस्पितळाच्या औषध विभागाकडून बनवून घ्यावं, तारीख लिहावी.

क्रिस्टल व्हायोलेट फवारायचा नाही. बोथट टोकाच्या कॅथेटरमधून थेंबाथेंबाने जागेवर सोडायचा, एक-दोन मिनिटं थांबायचं, मग हलकं धुवायचं. हा रंग पेशींना लागतो आणि ग्रंथींची तोंडं, म्हणजे पिट, पांढरी राहतात. श्लेष्मा आधी नीट काढला नसेल तर रंग श्लेष्म्यालाच बसतो. जांभळा सपाट पट्टा दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं की पिट नाहीशी झाली. खोल कॅन्सर असल्याचा चुकीचा निष्कर्ष काढण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. शंका आली की पुन्हा धुवा, पुन्हा रंगवा.

पिटचं वर्गीकरण कुडो यांच्या नावाने ओळखलं जातं. १ आणि २ सौम्य. ३ आणि ४ अॅडेनोमा. ५ मध्ये दोन भाग. व्ही-आय म्हणजे पिट आहेत पण वेड्यावाकड्या. व्ही-एन म्हणजे पिटच नाहीत. व्ही-एन दिसलं तर खोल. व्ही-आयमध्ये बिघाड सौम्य असेल तर उथळ धरावं. पिटच्या कडा तुटलेल्या, आतली पोकळी चेपलेली आणि असा भाग ठळक काठांनी वेगळा दिसत असेल तर खोल असण्याची शक्यता बरीच वाढते. हे वाचून येत नाही. काढलेल्या प्रत्येक जागेचा फोटो आणि तिचा पॅथॉलॉजीचा अहवाल शेजारी ठेवून, शंभरेक जागा तशा बघितल्या की डोळा बसतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही रंगाला जमत नाही. मोठ्या बसक्या किंवा देठाच्या पॉलिपमध्ये वरचं अॅडेनोमाचं छप्पर शाबूत असतं आणि कॅन्सर आतून खाली उतरलेला असतो. वरून बघून तो सापडत नाही. गुदाशय आणि सिग्मॉइड (गुदाशयाआधीचा वळणदार भाग) यांमधल्या मोठ्या वन-एस गाठींत याची आठवण ठेवा आणि शक्य असेल तर अशी गाठ अखंड काढा.

टोचून उचलणे, अल्ट्रासाउंड आणि स्कॅन

सबम्युकोसात द्रव टोचला आणि जागा वर आली नाही, तर ती खोल असावी, हे चिन्ह १९९४ सालापासून प्रसिद्ध आहे. पण आधीची बायोप्सी, आधी अर्धवट काढलेला पॉलिप, जागा पुढे सापडावी म्हणून तिच्याखाली टोचलेली खुणेची शाई, नुसतं आतड्याचं ओढणं, यांनीही जागा उचलत नाही. नीट बघून केलेला अंदाज यापेक्षा अधिक भरवशाचा आहे. म्हणून टोचणं हे काढायची तयारी म्हणून करावं, निदान म्हणून नव्हे. एकदा टोचल्यावर नक्षीही ताणली जाते, तेव्हा सगळे फोटो त्याआधी.

२० मेगाहर्ट्झची बारीक अल्ट्रासाउंड प्रोब मिळाली तर आतडं पाण्याने भरून भिंतीचे थर बघता येतात. सबम्युकोसा पांढरा तिसरा थर म्हणून दिसतो. मोठ्या गाठीत लहरी खालपर्यंत पोचत नाहीत आणि बुडबुडे घोटाळा करतात. सीटी स्कॅन थरांतला हा फरक दाखवत नाही. तो दूरचा प्रसार बघायला. एमआरआय गुदाशयासाठी आवश्यक आहे, पण टी-१ आणि टी-२ (जाड स्नायूत उतरलेला) वेगळे करण्यात तोही कमी पडतो.

पुढे पाठवताना काय लिहावं

«सिग्मॉइडमध्ये मोठा पॉलिप, पुढील उपचारांसाठी» एवढ्यावर पुढच्या डॉक्टरला काहीच करता येत नाही. असं लिहावं : «सिग्मॉइड, गुदद्वारापासून २५ सेंटिमीटर. टू-ए अधिक टू-सी, १८ मिलिमीटर. हवा काढल्यावर खळगा ताठ. जेनेट २-बी, खळग्यात व्ही-आय. बायोप्सी केलेली नाही, टोचलेलं नाही. शाई जागेच्या गुदद्वाराकडच्या बाजूला ३ सेंटिमीटरवर, एका ठिकाणी.» सोबत लांबून, जवळून आणि रंगासह असे फोटो.

शाई कधीही जागेखाली मारू नये. आधी सलाइनने छोटा फुगा करायचा, मग त्याच फुग्यात निर्जंतुक कार्बनची शाई. थेट टोचली तर ती भिंतीपलीकडे पोटात सांडू शकते.

नमुना हाती आल्यावर

इथून खोली अंदाजाची राहत नाही, मोजायची होते. आणि नेमका इथेच नमुना बाटलीत टाकून मोकळं होण्याचा प्रघात आहे. मोकळा टाकलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये आकसतो, कडा आत वळतात, पुढे काप तिरके पडतात. तिरक्या कापात ७०० मायक्रॉनची खोली १२०० वाचली जाते, आणि रुग्ण विनाकारण शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो.

नमुना बाहेर येताच, सुकायच्या आत, थर्मोकोल किंवा बुचाच्या पाटीवर म्युकोसा वर करून पसरा. टाचण्या फक्त कडेच्या निरोगी पट्टीतून टोचा. नैसर्गिक आकार येईल इतकंच ताणा. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच असाव्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात साध्या टाचण्या डब्यातच गंजतात आणि गंजाचे डाग नमुन्याच्या कडेला उतरतात. पाटीवर तोंडाकडची आणि गुदद्वाराकडची बाजू लिहा, फोटो घ्या. मग १० टक्के बफर फॉर्मलिन, नमुन्याच्या दहापट तरी. थर्मोकोल तरंगतो, म्हणून पाटी पालथी, नमुना खाली. उताणी ठेवली तर नमुना हवेत राहून सुकतो. २४ ते ४८ तास. म्हापसा-मडगावहून दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर पाटीसकट पाठवा, टाचण्या काढून नव्हे.

कापताना सर्वांत जवळच्या कडेला काटकोनात, दर २ ते ३ मिलिमीटरवर. एंडोस्कोपीवाल्याने खळगा दाखवला असेल तर एक काप त्यातून जायलाच हवा. देठाच्या पॉलिपमध्ये पहिला उभा काप देठाच्या मधोमध.

मोजण्याचे नियम तीन. मस्क्युलारिस म्युकोसी दिसते किंवा तिची रेषा अंदाजता येते, तर तिच्या खालच्या कडेपासून सर्वांत खोल पेशीपर्यंत. ती पूर्ण नाहीशी झाली असेल तर गाठीच्या पृष्ठभागापासून. देठाच्या पॉलिपमध्ये ती गुंतलेली असेल तर डोकं आणि देठ यांच्या सीमारेषेपासून. कॅन्सर त्या रेषेच्या वरच असेल तर «डोक्यापुरता» असं लिहावं. पट्टी शोधायला स्नायू दाखवणारं डेस्मिनचं रंजन मदत करतं. सबम्युकोसाचे तीन भाग करणारी किकुची पद्धत स्कोपने काढलेल्या नमुन्यात चालत नाही, कारण खालचा स्नायू त्यात नसतोच.

सिग्मॉइडच्या देठाच्या पॉलिपमध्ये एक फसवा प्रकार भेटतो. पीळ पडून अॅडेनोमाच्या ग्रंथी देठात ढकलल्या जातात आणि कॅन्सर उतरल्यासारखं वाटतं. त्यांच्याभोवती मूळ म्युकोसाचा सैल आधार आणि जुन्या रक्तस्रावाचं तपकिरी लोह दिसेल, कॅन्सरभोवती होणारी कडक तंतुमय प्रतिक्रिया दिसणार नाही.

अहवालात खोलीच्या आकड्याबरोबर खालची कड मोकळी आहे का, पेशींची प्रत, लसिकावाहिनी वा शिरेत शिरकाव आणि बडिंग (कॅन्सरच्या पुढच्या कडेला सुटलेल्या एकेकट्या पेशी किंवा त्यांचे छोटे पुंजके) हे सगळं हवं. बडिंग ०.७८५ चौरस मिलिमीटरच्या सर्वांत दाट भागात मोजतात : ४ पर्यंत पहिली श्रेणी, ५ ते ९ दुसरी, १० आणि पुढे तिसरी. खालच्या कडेला कॅन्सर असेल तर शस्त्रक्रिया. १००० मायक्रॉन किंवा जास्त खोली, वाहिनीत शिरकाव, वाईट प्रत, बडिंग दुसऱ्या श्रेणीपासून पुढे, यांपैकी काही असेल तर शस्त्रक्रियेची चर्चा. मात्र खोली हा एकटाच मुद्दा असेल आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तर लसिकाग्रंथींचा धोका २-३ टक्क्यांच्या आसपासच राहतो. पंचाहत्तरीच्या, हृदय अधू असलेल्या आजोबांसाठी शस्त्रक्रियेचा धोका त्याहून मोठा असू शकतो, आणि हा हिशेब त्यांच्यासमोर व घरच्यांसमोर मांडायलाच हवा.

शस्त्रक्रिया ठरली तर शल्यविशारदाला जागा सापडली पाहिजे. काढलेली जखम काही आठवड्यांत भरून येते आणि नंतर स्कोपमधूनही नीट दिसत नाही. म्हणून नमुना काढतानाच, खोलीबद्दल थोडीही शंका असेल तर, शाईची खूण त्याच बैठकीत करून ठेवावी.